लांब पोलिश शब्द : तोडायचे कुठे, जोडले गेले कसे?

सांधेजोड

नमस्कार मंडळी.

पोलिश शिकायला घेतलेल्या मराठी माणसाला व्याकरणाच्या आधी शब्दांची लांबी अडवते. तीन-चार व्यंजनं एकत्र आली तरी आपण निभावतो. 'कार्त्स्न्य' म्हणणारी भाषा आपली. पण वीस-तीस वर्णांचा शब्द समोर आला की डोळा मधेच घसरतो आणि जीभ त्याच्या मागोमाग.

शिकणाऱ्यांसाठीच्या एका पुस्तिकेसाठी दोन प्रश्न आहेत. बोलताना असा शब्द अक्षराअक्षरांत कसा फोडायचा? आणि छापताना ओळ संपली तर तो कुठे तोडायचा? माझं मत असं की दोन्हीला एकच नियम पुरावा. शब्द जिथे जोडला गेला, तिथेच जीभ थांबते आणि तिथेच ओळ तुटावी. कोणाला उलट वाटत असेल तर उदाहरणासकट सांगा.

नमुन्याला जीभ वळवण्यासाठी म्हणतात तो प्रसिद्ध शब्द घेऊ : कोनस्तान्तिनोपोलीतान्यचिकोव्ह्यानेचका. ३२ वर्ण. अर्थ साधारण 'कॉन्स्टँटिनोपलकराची छोटी लेक'.

लिहिण्याची सोय म्हणून एवढं ठरवू : एसझेड म्हणजे ष, वर रेघ असलेला एस म्हणजे श. सीझेड म्हणजे च, वर रेघ असलेला सी म्हणजे च्य, साधा सी म्हणजे त्स. साधा झेड ज़, आरझेड आणि टिंबवाला झेड झ़, वर रेघ असलेला झेड झ्य. डब्ल्यू म्हणजे व्ह, आणि आडवी रेघ मारलेला एल म्हणजे व. वाय या वर्णाला ह्रस्व इ, आय या वर्णाला दीर्घ ई.

काटेकोर

चांगला विषय. आधी शब्द पक्के करू, नाहीतर दहाव्या प्रतिसादाला गोंधळ होईल. आपण 'अक्षर' दोन अर्थांनी वापरतो. इथे अक्षर म्हणजे एका स्वराभोवती जमलेला उच्चार, आणि वर्ण म्हणजे कागदावरचं एक चिन्ह. पोलिशमध्ये अक्षराला 'ज़ग्वोस्का' किंवा 'सिलाबा' म्हणतात.

अक्षरं मोजायची पद्धत अशी. पोलिशमध्ये स्वरांचे नऊ वर्ण आहेत : ए, ई, आय, ओ, यू, वाय, शिवाय शेपटीवाले ए आणि ई, आणि वर रेघ असलेला ओ. (शेपटीला तिथेही शेपटीच म्हणतात : 'ओगोनेक'.) शब्दातल्या या सगळ्या वर्णांखाली पेन्सिलीने टिंब द्या. मग ज्या आयच्या लगेच पुढे दुसरा स्वर आहे, त्याचं टिंब खोडा. तो आय स्वर नसतो, मागच्या व्यंजनाला मऊ करण्यापुरता असतो. 'श्यानो' म्हणजे वाळलेलं गवत. लिहिताना एस, आय, ए, एन, ओ. टिंबं तीन, खोडून उरली दोन, अक्षरं दोन : श्या-नो. उरलेली टिंबं मोजली की अक्षरं मोजली.

तुमच्या शब्दात टिंबं पडतात तेरा. 'व्ह्या'मधला आय खोडला की बारा :

कोन-स्तान-ति-नो-पो-ली-तान्य-चि-को-व्ह्या-नेच-का.

आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर, म्हणजे 'नेच'वर.

शेवंता

मोजणं जमलं तरी म्हणणं जमत नाही, कारण माणूस डावीकडून सुरू करतो आणि 'पोली'पाशी दम संपतो. उलटं करा. शेवटून बांधत या :

नेचका.
व्ह्यानेचका.
कोव्ह्यानेचका.
चिकोव्ह्यानेचका.
तान्यचिकोव्ह्यानेचका.

प्रत्येक पायरी तीनदा म्हणायची, मगच पुढची. आघाताची जागा शेवटून मोजतात, त्यामुळे पहिल्या पायरीपासून आघात बरोबर बसतो आणि नंतर हलत नाही. डावीकडून शिकलं तर प्रत्येक नव्या अक्षराबरोबर आघात पुढे सरकवावा लागतो. चूक तिथेच होते.

मुळाक्षर

शेवंताताई, हे वर्गाच्या भिंतीवर लावण्यासारखं आहे.

जुळारी

सांधेजोड, तुमच्या मताला माझा विरोध आहे. बोलण्याची फोड आणि छापण्याची फोड एक नाही. छपाईत शब्दाची बांधणी कळल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, याला खालच्या जोड्या पुरेशा आहेत.

'पोज्याव' म्हणजे विभागणी. 'पोदझ्येम्ये' म्हणजे तळघर, भुयार. लिहिताना दोन्हींची सुरुवात एकच : पी, ओ, डी, झेड, आय. पहिल्यात डी आणि झेड मिळून एक ध्वनी होतो, म्हणून तोड पो-ज्याव. दुसऱ्यात 'पोद' म्हणजे 'खाली' हा उपसर्ग आणि 'झ्येम्या' म्हणजे जमीन; डी उपसर्गाचा, झेड जमिनीचा. तोड पोद-झ्ये-म्ये. उलट केलंत तर वाचणारा अडखळतो.

तशीच 'नाज्येया' म्हणजे आशा : ना-ज्ये-या. आणि 'नादझ्येमनि' म्हणजे जमिनीवरचा : नाद-झ्येम-नि.

'माझ़िच्य' म्हणजे स्वप्नं रंगवणं : मा-झ़िच्य, इथे आरझेड एक ध्वनी. 'मारज़नोंच्य' म्हणजे गारठणं : मार-ज़नोंच्य, इथे आर वेगळा, झेड वेगळा.

'ओदज़नाका' म्हणजे बिल्ला : ओद-ज़ना-का. 'बुदझ़ेत' म्हणजे अंदाजपत्रक. त्यातही डी आणि टिंबवाला झेड शेजारी आहेत, पण तोड बुद-झ़ेत अशीच.

नियम असा की एक ध्वनी दाखवणारी वर्णजोडी कधी फोडायची नाही : सीझेड, एसझेड, आरझेड, सीएच, आणि डीझेडची तिन्ही रूपं. पण ती खरंच जोडी आहे, की दोन शेजारी नुसते एकमेकांना टेकलेत, हे शब्द कसा बनला ते माहीत असल्याशिवाय सांगता येत नाही.

सांधेजोड

जुळारी, हे तर माझ्याच बाजूचं झालं. शब्द जिथे जोडला, तिथे तोड.

जुळारी

अर्धंच तुमच्या बाजूचं. 'बेज़आल्कोहोलोव्हि' घ्या, म्हणजे मद्यविरहित. बिअरच्या बाटलीवर दिसतो. छापताना तोड बेज़-आल्कोहोलोव्हि, कारण 'बेज़' म्हणजे 'विना' हा उपसर्ग. पण बोलताना झेड पुढच्या स्वराला जाऊन चिकटतो : बे-ज़ाल-को-हो-लो-व्हि. जीभ सांध्यावर थांबत नाही, कागद थांबतो. 'नादुझ़िच्य' म्हणजे गैरवापर करणं. बोलताना ना-दु-झ़िच्य, छापताना नाद-उझ़िच्य.

काटेकोर

जुळारींना दुजोरा, आणि त्यात भर.

उपसर्गाचा सांधा छपाईत पाळतात. प्रत्ययाचा सांधा बहुतेक वेळा पाळतच नाहीत. 'प्येंच्यज्येश्यें-च्यो-ग्रो-षुफ-का' म्हणजे पन्नास ग्रोषांचं नाणं. नाणं खरं आहे; शंभर ग्रोष म्हणजे एक झ्वॉटी, पोलंडचं चलन. बांधणी : पन्नास + ग्रोष + उफका. प्रत्यय 'उफका' स्वराने सुरू होतो, म्हणून 'ग्रोष'मधला शेवटचा ष तो ओढून घेतो : ग्रो-षुफ-का. 'ग्रोष-उफका' अशी तोड कोणी करणार नाही, जरी शब्द तिथेच जोडलेला असला तरी.

थोडक्यात, पुढून जोडलेलं शाबूत राहतं, मागून जोडलेलं मुळाचं व्यंजन घेऊन जातं. मराठीत 'घर' + 'आत' = 'घरात' म्हणताना आपण घ-रात म्हणतो, 'घर-आत' म्हणत नाही, तसंच.

हरकतनारायण

काटेकोरताई, तुमच्या टिंबांच्या पद्धतीवर हरकत. दोन स्वर शेजारी आले की काय?

'आउतो' म्हणजे मोटार, अक्षरं दोन : आउ-तो. 'नाउका' म्हणजे विज्ञान किंवा शिकणं, अक्षरं तीन : ना-उ-का. दोन्हींत ए आणि यू शेजारी. टिंबं मोजून फरक कसा कळणार?

काटेकोर

हरकत मान्य. पायरी राहिली होती. परक्या शब्दांतले आउ आणि एउ एका अक्षरात मावतात : आउतो, एउरोपा, लाउरेआत. आपसातल्या जोडणीने हेच स्वर शेजारी आले तर वेगळे राहतात : 'ना' हा उपसर्ग, म्हणून ना-उ-का. 'ज़ाउफाच्य' म्हणजे विश्वास टाकणं. 'ज़ा' उपसर्ग, म्हणून ज़ा-उ-फाच्य. 'न्येउक' म्हणजे न शिकलेला. 'न्ये' नकाराचा, म्हणून न्ये-उक. 'मुज़ेउम'मध्ये मात्र शब्द लॅटिन असूनही मु-ज़े-उम अशी तीन अक्षरं आहेत. तो अपवाद म्हणून पाठ करावा.

आयचंही तेच. आयच्या मागे स्वर असेल तर आय पूर्ण स्वर असतो. डीएनएच्या लांब नावातला 'देज़ोक्सिरिबोनुक्लेईनोव्हि' हा शब्द घ्या : दे-ज़ोक-सि-रि-बो-नु-क्ले-ई-नो-व्हि. दहा अक्षरं. इथे 'क्ले' आणि 'ई' एकत्र केलेत तर नऊ होतात आणि आघात चुकला नाही तरी ठेका जातो.

ओवीकार

विषयाला थोडं सोडून, पण अक्षरमोजणीवरच आहे.

पोलिश जुनी कविता आपल्या ओवी-अभंगासारखी अक्षरं मोजूनच चालते. लघु-गुरू नाही, मात्रा नाहीत. सगळ्यात रुळलेली ओळ तेरा अक्षरांची, सातव्या अक्षरानंतर यती. सात अधिक सहा. तिचं नावच एक चांगला लांब शब्द आहे : 'त्षिनास्तोज़ग्वोस्कोव्ह्येत्स'. 'त्षिनास्तो' तेरा, 'ज़ग्वोस्क' अक्षर, 'ओव्ह्येत्स' म्हणजे 'तसा असलेला'. त्षि-नास-तो-ज़ग्वो-स्को-व्ह्येत्स, सहा अक्षरं. अकरा अक्षरांच्या ओळीलाही असंच नाव आहे. तिची फोड पाच अधिक सहा.

आपल्या मोठ्या अभंगाचे तीन चरण सहा-सहाचे आणि चौथा चारचा. ज्याचा कान अभंगावर तयार झाला आहे, त्याला पोलिश तेरा अक्षरांची ओळ हाताच्या बोटांवर सहज येते. म्हणून माझा सल्ला : लांब शब्द टाळ धरल्यासारखा म्हणा, प्रत्येक अक्षराला समान वेळ. पोलिशमध्ये स्वर ऱ्हस्व-दीर्घ होत नाहीत, त्यामुळे सम ठेका बिघडत नाही.

शेवंता

ओवीकारकाका, सम ठेक्याला पूर्ण सहमती. फक्त एक : वर सांधेजोड यांनी सोयीसाठी आय या वर्णाला दीर्घ ई लिहिली आहे. कोणी ती खरंच लांबवू नका. 'पोली'मधला ली 'पोलिस'मधल्या लि-एवढाच आखूड. आणि ह्रस्व इ लिहिली आहे तो वायचा ध्वनी आपल्या इ-पेक्षा मागे, जीभ किंचित खाली ठेवून येतो.

भिंगवाला

मूळ शब्दाच्या बांधणीकडे कोणी पाहिलंच नाही. मी उकलून दाखवतो.

शहर : कोनस्तान्तिनोपोल. त्यातून विशेषण : कोनस्तान्तिनोपोलीतान्यस्की; मधलं 'ईतान' लॅटिनकडून आलं. नेपल्सचं 'नेआपोल', तिथला माणूस 'नेआपोलीतान्यचिक', अगदी तोच साचा. 'चिक' हा रहिवासी दाखवणारा प्रत्यय, आपल्या 'कर'सारखा. म्हणजे कोनस्तान्तिनोपोलीतान्यचिक हा कॉन्स्टँटिनोपलकर.

पुढे 'ओव्ह' हा मालकी दाखवणारा. मग 'यांका' हा स्त्रीवाचक. शेवटी लाडाचं रूप करताना 'यांका'चं 'यानेचका' होतं : एन आणि के यांच्या मधे एक ई हा वर्ण (उच्चार ए) उपटून येतो आणि के बदलून च होतो. ही क-ची-च अदलाबदल पोलिशमध्ये पदोपदी आहे : 'रेंका' म्हणजे हात, 'रोंचका' म्हणजे छोटासा हात. 'मुहा' माशी, 'मुष्का' छोटी माशी. तिथे ह-चा ष. 'नोगा' पाय, 'नुष्का' इवलासा पाय; ग-चा झ़ होतो आणि पुढच्या क-मुळे तो ष ऐकू येतो.

हरकतनारायण

भिंगवाला, बांधणी बरोबर उकललीत, पण शब्दच मुळात नियमाला धरून नाही, हेही सांगा.

कॉन्स्टँटिनोपलची बाई म्हणायचं तर शब्द आहे कोनस्तान्तिनोपोलीतांका. नेपल्सची बाई 'नेआपोलीतांका', तसाच. तिथे 'चिक' गळून पडतो. लेक म्हणायचं तर ठरलेला साचा 'उव्हना'चा : नोव्हाक यांची बायको 'नोव्हाकोव्हा', अविवाहित मुलगी 'नोव्हाकुव्हना'. आता ही रूपं जुनी वाटतात, पण साचा स्पष्ट आहे. त्या साच्याने कोनस्तान्तिनोपोलीतान्यचिकुव्हना व्हायला हवं. 'चिकोव्ह्यांका' हे दोन साचे एकात ओतून मुद्दाम लांबवलेलं आहे. गंमतीचा शब्द म्हणून ठीक, पण बांधणी शिकवायला नमुना म्हणून नको.

मुळाक्षर

पाटलाची पाटलीण, वाण्याची वाणीण, तसंच 'नोव्हाकोव्हा'. लेकीसाठी वेगळा प्रत्यय मात्र आपल्याकडे नाही.

भिंगवाला

हरकत बरोबर आहे. एक पुरवणी : शहरांच्या रहिवाशांची नावं पोलिशमध्ये पूर्वी लहान वर्णाने लिहीत. १ जानेवारी २०२६ पासून शहरांच्या रहिवाशांची नावं मोठ्या वर्णाने सुरू करायची, असा पोलिश भाषा परिषदेचा बदल लागू झाला आहे. म्हणजे हा शब्द छापणाऱ्याने सुरुवातीचा के आता मोठा करावा. त्याच बदलात 'न्ये' हा नकार विशेषणांच्या तर-तम रूपांनाही जोडून लिहायचा आहे. पूर्वी तिथे जागा सोडत. ओळ तोडणाऱ्यांना ही नवी लांबी लक्षात घ्यावी लागेल.

नर्मदाकाठ

नोव्हाकोव्हा आणि नोव्हाकुव्हना या दोन रूपांत स्वर का बदलतो? एकात साधा ओ, दुसऱ्यात रेघवाला, उ म्हणायचा ओ.

काटेकोर

इथे अक्षरफोड थेट कामाला येते. अक्षर व्यंजनाने बंद झालं तर ओ-चा रेघवाला ओ होतो : नो-व्हा-को-व्हा उघडं, नो-व्हा-कुव्ह-ना बंद. 'क्राकुफ' शहर, 'क्रा-को-व्हा' म्हणजे क्राकुफचं.

हरकतनारायण

मग 'गुरा' म्हणजे डोंगर, गु-रा, अक्षर उघडं असून रेघवाला ओ कसा? आणि 'ग्रोषुफका'चं षष्ठी अनेकवचन 'ग्रो-षु-व्हेक', तिथेही उघडं.

काटेकोर

खरं आहे. हा नियम जुन्या पोलिशमधल्या दीर्घ स्वरांचा उरलेला ठसा आहे, आजचा चालू नियम नाही. मी 'होतो' म्हणायला नको होतं, 'बहुतेकदा झालेला दिसतो' म्हणायला हवं होतं. स्पेलिंगचा अंदाज करायला उपयोगी, पण पक्का नाही.

शेपटीवाल्या स्वरांचंही असंच. पन्नास म्हणजे 'प्येंच्यज्येश्योंत', पण समासात 'प्येंच्यज्येश्येंच्यो'. शेपटीवाला ए जाऊन शेपटीवाला ई आला, त-चा च्य झाला.

जुळारी

आकड्यांचे समास निघालेच आहेत तर पक्की माहिती देतो, कारण खरे लांब शब्द तिथेच बनतात.

आकडा समासात जाताना बहुधा षष्ठीसारखं रूप घेतो आणि शेवटी ओ लावतो. चार 'चतेरी' नव्हे, 'च्तेरि', समासात 'च्तेरो'. पाच 'प्येंच्य', समासात 'प्येंच्यो'. शंभर 'स्तो', पण समासात 'स्तु' : स्तुलेत्नी म्हणजे शतायुषी. दोनला 'द्वु' वा 'द्व्हु' लिहू, लिपीचा प्रश्न आहे, मूळ वर्ण डी, डब्ल्यू, यू. तीनची दोन रूपं : 'त्षिलेत्नी' तीन वर्षांचा, पण 'त्रुयकोंत' त्रिकोण.

नव्याण्णव वर्षांचा : ज्येव्ह्येंच्यज्येश्येंच्योज्येव्ह्येंच्योलेत्नी. ३३ वर्ण, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या लेकीपेक्षा एकाने जास्त, आणि शब्द पूर्ण नियमाला धरून. फोड : ज्ये-व्ह्येंच्य-ज्ये-श्यें-च्यो-ज्ये-व्ह्यें-च्यो-लेत-नी. दहा अक्षरं. ओळ तोडायला सगळ्यात चांगली जागा 'च्यो'च्या नंतर, कारण तिथे आकड्याचा एक घटक संपतो.

व्यवहारात बहुतेक ठिकाणी ९९, मग संयोगचिन्ह, मग 'लेत्नी' असं लिहितात. सुटसुटीत आहे. फक्त एक पथ्य पाळा : संयोगचिन्ह असलेला पोलिश शब्द त्या चिन्हापाशीच ओळीवर तुटला, तर चिन्ह दोनदा येतं, एकदा ओळीच्या शेवटी आणि पुन्हा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला. 'ब्यावो-चेरव्होनि' म्हणजे पांढरा-लाल. तोडला तर दुसरी ओळ चिन्हाने सुरू होते. मराठी मुद्रितशोधक ते चूक समजून खोडतात. खोडू नये.

नर्मदाकाठ

संगणक हे सगळं आपोआप करत नाही का?

जुळारी

करतो, पण भाषा सांगितली तरच. ओळी तोडणारी बहुतेक साधनं वर्णांच्या नमुन्यांवर चालतात. ही पद्धत फ्रँकलिन लियांग यांच्या १९८३च्या स्टॅनफर्डमधल्या प्रबंधातून आली. कोणत्या वर्णक्रमात तोड चालते आणि कोणत्या नाही, याची भारांकित यादी असते. साधनाला अर्थ कळत नाही. पोज्याव आणि पोदझ्येम्ये यांतला फरक यादीत असेल तरच पाळला जातो.

मराठी पुस्तकात पोलिश शब्द येतो तेव्हा होणारी नेहमीची चूक अशी : परिच्छेदाची भाषा मराठी किंवा इंग्रजी नेमलेली असते, आणि त्या यादीने पोलिश शब्द तुटतो. मग आर एका ओळीत, झेड दुसऱ्या ओळीत. उपाय म्हणजे तेवढाच शब्द निवडून त्याची भाषा पोलिश नेमायची. ते जमत नसेल तर योग्य जागी लपलेलं संयोगचिन्ह, ज्याला सॉफ्ट हायफन म्हणतात, हाताने घालायचं. ते गरज पडली तरच दिसतं. मात्र काही साधनांत अशा शब्दाचा शोध लागत नाही, म्हणून सूची आधी करून घ्या आणि चिन्हं शेवटी घाला.

आणखी दोन गोष्टी. एक वर्ण एकटा मागे ठेवून किंवा एकटा पुढे नेऊन तोडू नये. आणि पोलिशमध्ये 'व्ह', 'ज़', 'ई', 'ओ' असे एकवर्णी शब्द भरपूर असतात. ते ओळीच्या शेवटी लोंबकळत ठेवत नाहीत. तिथले छपाईवाले त्यांना 'श्येरोत्का' म्हणतात, म्हणजे पोरकं लेकरू. त्यानंतर न तुटणारी मोकळी जागा घालून त्याला पुढच्या शब्दाचा हात धरून द्यायचा.

मुळाक्षर

पोरकं लेकरू. किती नेमकं नाव.

शेवंता

मधल्या व्यंजनांच्या गर्दीत तोड कुठे, हे अजून कोणी सांगितलं नाही. 'श्योस्त्रा' म्हणजे बहीण. श्यो-स्त्रा की श्योस-त्रा?

काटेकोर

दोन्ही बरोबर, आणि श्योस्त-रा सुद्धा. मुळातल्या व्यंजनगर्दीत मोकळीक आहे. आपलं राज्य पोलिशमध्ये 'माहाराष्त्रा' असं लिहितात, तेही माहारा-ष्त्रा, माहाराष-त्रा, माहाराष्त-रा असं कुठेही तुटेल. फक्त ष-साठीचे एस आणि झेड वेगळे करायचे नाहीत. दोन स्वरांत एकच व्यंजन असेल तर ते पुढच्याबरोबर. एकसारखी दोन असतील तर मधून : 'पान्ना' म्हणजे कुमारिका, पान-ना. 'लेक्की' म्हणजे हलका, लेक-की.

गर्दीत उपसर्ग असेल तर मोकळीक संपते. 'बेज़व्हज़ग्लेंदनि' म्हणजे निष्ठुर, बिनशर्त. मधे झेड, डब्ल्यू, झेड, जी, एल असे पाच वर्ण सलग. 'बेज़' उपसर्ग ओळखला की कोडं सुटतं : बेज़-व्हज़ग्लेंद-नि.

ओवीकार

मराठी माणसासाठी 'ओतपोव्ह्येज्यालनोश्च्य' हा शब्द खास. अर्थ जबाबदारी. 'ओतपोव्ह्येच्य' म्हणजे उत्तर, जबाब. जबाबावरून जबाबदारी, तसंच उत्तरावरून हा शब्द. ओत-पो-व्ह्ये-ज्याल-नोश्च्य, पाच अक्षरं. उपसर्गाचा डी पुढच्या प-मुळे त ऐकू येतो, पण लिहिताना आणि तोडताना डीच.

भिंगवाला

समासांत आपल्यापेक्षा वेगळी एक गोष्ट आहे, ती नोंदवतो. पोलिशमध्ये काही जोडशब्दांचे दोन्ही भाग चालवावे लागतात. 'ब्याविस्तोक' हे ईशान्येकडचं शहर. 'ब्यावि' म्हणजे पांढरा. 'ब्याविस्तोकचं' म्हणताना 'ब्यावेगोस्तोकु', 'ब्याविस्तोकमध्ये' म्हणताना 'ब्याविमस्तोकु'. पोटातला 'पांढरा' विशेषणासारखा चालतो आणि तेवढा भाग एका अक्षराने लांबतो किंवा नाही, ते विभक्तीवर. आपल्या पांढरकवड्याचं 'पांढरकवड्यात' होतं. पोटातला पांढर जागचा हलत नाही. 'झ़ेचपोस्पोलीता' म्हणजे प्रजासत्ताक, त्याची षष्ठी 'झ़ेचिपोस्पोलीतेय' : तिथेही मधे एक अक्षर वाढलं.

म्हणून मूळ रूपावर एकदा घातलेलं लपलेलं संयोगचिन्ह सगळ्या विभक्तींना पुरत नाही. प्रत्येक रूप वेगळं तपासावं लागतं.

नर्मदाकाठ

आघात नेहमीच शेवटून दुसऱ्यावर का?

काटेकोर

नाही. 'मातेमातिका', 'ग्रामातिका', 'पोलीतिका' यांत शेवटून तिसऱ्यावर : मा-ते-मा-ति-का. पण विभक्तीने अक्षर वाढलं की पुन्हा दुसऱ्यावर : मा-ते-मा-ति-का-मी. 'उनीव्हेरसितेत' म्हणजे विद्यापीठ, आघात 'व्हेर'वर. 'आम्ही केलं' म्हणजे 'ज़्रोबीलीश्मि', आघात 'बी'वर. 'आम्ही केलं असतं' म्हणजे 'ज़्रोबीलीबिश्मि', तरी आघात 'बी'वरच, शेवटून चौथा. कारण 'श्मि' आणि 'बि' हे मुळात स्वतंत्र शब्द, उशिरा येऊन चिकटलेले. आघाताच्या मोजणीत त्यांना धरत नाहीत. 'श्मि' आजही सुटून दुसऱ्या शब्दाला जाऊन बसतो : 'मिश्मि ज़्रोबीली'. रोजच्या बोलण्यात बरेच जण इथेही शेवटून दुसऱ्यावर आघात देतात, पण शिकताना प्रमाण रूप शिकावं.

मुळाक्षर

कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची वसाहत होती, जवळपास पाच हजार माणसांची. त्यांच्या कागदपत्रांवर काम करणाऱ्यांना या धाग्याचा उपयोग होईल. 'कोल्हापुरचा' असं विशेषण पोलिशमध्ये 'कोल्हापुरस्की' होतं, तोड कोल-हा-पुर-स्की.

सांधेजोड

माझं मत मी बदलतो. एक नियम पुरत नाही. तरी पुस्तिकेसाठी थोडक्यात हातात काय धरायचं, ते 'प्षेत्श्येंब्योरस्त्फो' म्हणजे उद्योगसंस्था या एका शब्दावर कोणी करून दाखवेल का?

जुळारी

दाखवतो.

बांधणी : 'प्षेद' पुढे, 'श्यें' स्वतःला, 'ब्योर' हे घेणं या धातूचं रूप, 'स्त्फो' भाववाचक प्रत्यय. स्वरवर्ण मोजा : ई, आय, शेपटीवाला ई, आय, ओ, ओ. दोन्ही आय खोडले, उरले चार. बोलताना प्षेत-श्येम-ब्योर-स्त्फो, डी-चा त, डब्ल्यू-चा फ होतो आणि शेपटीवाल्या ई-चं नाक ब-पुढे म होतं. आघात 'ब्योर'वर. शेवटून बांधा : ब्योरस्त्फो, श्येमब्योरस्त्फो, मग पूर्ण.

छापताना पहिली पसंती 'प्षेद' नंतर, दुसरी 'श्यें' नंतर, तिसरी आर नंतर. सुरुवातीच्या आरझेडला हात लावायचा नाही, आणि 'प्षेद'चा डी पुढच्या ओळीत न्यायचा नाही.

शेवंता

आणि षष्ठी अनेकवचनात शेवटचा ओ जातो : प्षेत्श्येंब्योरस्त्फ. अक्षरं तीन, आघात 'श्यें'वर सरकतो. पुस्तिकेत ते रूपही द्या; शिकणारे तिथेच अडतात.